डोंगरवाटेचा जोडा : निवड आणि निगा

ज्याच्या पायांत जोडा आहे त्याला सारी पृथ्वीच चामड्याने मढविल्यासारखी वाटते, अशा आशयाचे एक संस्कृत सुभाषित वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी ऐकले असेल. संतोषी मनाचा महिमा सांगण्यासाठी सुभाषितकाराने जोड्याचा हा दृष्टान्त योजला. परंतु एक गोष्ट त्याने मनातल्या मनात गृहीत धरली. ती म्हणजे तो जोडा पायाला नीट बसणारा होता! न बसणारा जोडा पायांत असेल, तर तीच पृथ्वी काट्यांनी मढविल्यासारखी होते. ही गोष्ट आम्हांस काही वर्षांपूर्वी एका सहलीत चांगलीच उमगली, आणि तिच्यातूनच प्रस्तुत लेखाचा विषय सुचला.

त्या वर्षी शाळेची सहल चंदगड तालुक्यातील महिपाळगडावर नेण्याचे ठरले. बेळगावहून मोटारीने देवरवाडीस जावे, वैजनाथाचे दर्शन घ्यावे आणि तेथून डोंगरवाटेने गडाकडे चढून दिवस मावळण्यापूर्वी खाली उतरावे, असा बेत होता. फलकावर लावावयाची सूचना आम्हीच लिहिली. तीत एक वाक्य होते : 'प्रत्येकाने पायांत मजबूत बूट घालून यावे.' व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होते. शहाणपणाच्या दृष्टीने ते किती अपुरे होते, हे उतरणीवर कळून आले.

चढताना सर्व मंडळी आनंदात होती. उतरू लागल्यावर मात्र इयत्ता नववीतील एक विद्यार्थी सारखा मागे पडू लागला. विचारले, तर "काही नाही, सर" एवढेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारूनही तेच उत्तर आले, तेव्हा आम्ही त्याला एका दगडावर बसविले आणि बूट काढावयास सांगितले. टाचेवर रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता आणि अंगठ्याचे नख काळेनिळे पडले होते. बूट त्याचे नव्हतेच. लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात काम करणाऱ्या त्याच्या वडिलांचे ते बूट. पुढे पोलादी टोपी, जाडजूड तळ, आणि त्याच्या पायाहून दोन मापांनी मोठे. पुढच्या पोकळीत त्याने फडक्याचे बोळे कोंबले होते. "अरे, मग आधी का नाही सांगितलंस?" असे आम्ही विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "सर, सूचनेत मजबूत बूट लिहिलं होतं. घरात हेच मजबूत होते." थोड्या वेळाने त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. वडिलांची त्या दिवशी रात्रपाळी होती आणि त्यापूर्वी बूट घरी पोहोचणे अवश्य होते. आपल्या टाचेपेक्षा त्या बुटांवर ओरखडे तर उठले नाहीत ना, याचीच काळजी त्याला अधिक वाटत होती.

आमचीही फजिती त्याच उतरणीवर व्हावयाची होती. आमच्या पायांत आठ वर्षांपूर्वी बरीच किंमत मोजून घेतलेले गिरिभ्रमणाचे बूट होते. जपून वापरावयाचे म्हणून ते कापडात गुंडाळून कपाटात ठेवलेले असत. बाहेरून अगदी नवे दिसत. त्या विद्यार्थ्याच्या टाचेला पट्टी लावून आम्ही उठलो आणि शंभर पावले चालतो न चालतो तोच उजव्या बुटाच्या तळाने 'आ' वासला. थोड्या वेळात तो सबंध सुटून हातात आला! तेव्हा त्याच मुलाने आपल्या डब्याला बांधलेली सुतळी सोडून तो तळ आमच्या बुटास करकचून बांधून दिला. अशा रीतीने गुरू आणि शिष्य दोघेही लंगडत सर्वांच्या शेवटी खाली आले. एकाचे बूट मजबूत होते, पण त्याच्या पायाचे नव्हते. दुसऱ्याचे बूट त्याच्या पायाचे होते, पण मजबूत राहिले नव्हते. चूक मात्र दोन्हीकडे आमचीच होती.

तेव्हा बूट कसा पारखावा, याचा विचार आता क्रमाने करू.

पाऊल म्हणजे काय?

बुटाचा विचार पावलापासून सुरू झाला पाहिजे. मनुष्याच्या शरीरात 206 हाडे असतात. त्यांपैकी 52, म्हणजे एकचतुर्थांश, केवळ दोन पावलांत आहेत. एका पावलात 26 हाडे आणि 33 सांधे असतात. ही रचना कमानीसारखी आहे. पायावर भार पडला की कमान किंचित दबते आणि पाऊल लांबरुंद होते. भार उतरला की ती पूर्ववत होते. दिवसभराच्या उभे राहण्याने व चालण्याने पावले थोडी सुजतात, म्हणून सायंकाळचे पाऊल सकाळच्या पावलाहून मोठे असते. शिवाय बहुतेकांची दोन पावले तंतोतंत सारखी नसतात. यावरून तीन नियम आपोआप निघतात : माप उभे राहून घ्यावे, बूट सायंकाळी खरेदी करावा, आणि मोठ्या पावलाला बसेल तो जोडा घ्यावा.

आमच्या भागात हे शास्त्र नवे नाही. आम्ही मूळचे गोव्याकडचे; आमच्या घरच्या कोंकणीत पादत्राणाला 'व्हाण' म्हणतात, मराठीत 'वहाण' म्हणतात, आणि दोहोंचे मूळ संस्कृत 'उपानह्' या शब्दात आहे. बेळगाव जिल्ह्यातील अथणी हे या वहाणांचे जुने माहेरघर. 2019 साली कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे जिल्हेही आहेत. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या त्या चामड्याचा एक गुण असा, की ते वापरता वापरता पायाचा आकार घेते. पूर्वी गिऱ्हाईक कारागिरासमोर पाऊल ठेवी आणि कारागीर त्याबरहुकूम वहाण बेती. आता बूट कारखान्यात तयार होतो. तेथे तो ज्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या साच्यावर, म्हणजे कलबुतावर, चढवितात, ते कलबूत आपले पाऊल कधी पाहत नाही. म्हणून पूर्वी कारागीर जी पारख करीत असे, ती आता आपणांस स्वतः करावी लागते.

आकड्यांचे कोडे

बुटावर छापलेला 6, 7 किंवा 8 हा आकडा कशाचा असतो? आपल्याकडे बहुधा इंग्रजी पद्धतीचे आकडे वापरतात. तीत एका मापापासून पुढच्या मापापर्यंत इंचाच्या एकतृतीयांशाची, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरांची वाढ असते. हे अंतर जवाच्या एका दाण्याच्या लांबीवरून ठरले. तीन जव मिळून एक इंच. आपल्या प्राचीन ग्रंथांतही आठ यवांचे एक अंगुळ मानले आहे. तेथे यव रुंदीने मोजीत. दोन दूरच्या देशांतील लोकांनी मोजमापासाठी एकच धान्य निवडावे, हा योगायोग मनोरंजक आहे. युरोप खंडातील पद्धतीत एक माप म्हणजे दोनतृतीयांश सेंटिमीटर. त्यामुळे इंग्रजी 7 आणि युरोपीय 41 हे आकडे जवळजवळ एकाच लांबीचे दर्शक होत.

पण हे आकडे बहुधा फक्त लांबी सांगतात. रुंदीविषयी ते मौन पाळतात. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली, तेव्हा भारतीयांची पावले युरोपीय व अमेरिकी लोकांच्या पावलांहून सामान्यतः रुंद असल्याचे दिसून आले. परदेशी कलबुतावर बेतलेला बूट आपल्याला करंगळीपाशी दाटतो, त्याचे एक कारण हे आहे. अशा वेळी बरेच जण एक माप मोठा बूट घेतात. त्याने रुंदीची अडचण थोडी मिटते. पण टाच सैल पडते आणि फोड येतात. खरा उपाय मोठे माप हा नसून, रुंद चवड्याची दुसरी घडण पाहणे हा आहे.

पाव किलोचे गणित

आता वजनाकडे वळू. जड बूट म्हणजे मजबूत बूट, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या सूचनेनेही त्यालाच खतपाणी घातले. येथे थोडे गणित करून पाहावे. एका पावलाची झेप 70 सेंटिमीटर धरली, तर 10 किलोमीटरांच्या वाटेत सुमारे 14,000 पावले पडतात. प्रत्येक बूट आवश्यकतेपेक्षा पाव किलो जड असेल, तर तेवढे जादा ओझे आपण 14,000 वेळा उचलतो. एकूण 3,500 किलो! पाठीवरचे ओझे शरीराबरोबर संथपणे पुढे जाते, पण पायातले ओझे पावलागणिक उचलावे, पुढे फेकावे आणि थांबवावे लागते. म्हणूनच पायांतील एक किलो हे पाठीवरच्या सुमारे पाच-सहा किलोंइतके थकविते, असे लष्करी संशोधकांच्या प्रयोगांत आढळले आहे.

बर्फाच्छादित शिखरांवर जाणाऱ्या गिर्यारोहकास जड, ताठ बूट लागतात, हे खरे. तेथे बुटाचे महत्त्व किती असते, याची एक हकीकत प्रसिद्ध आहे. 29 मे 1953 रोजी एव्हरेस्टच्या शेवटच्या चढाईच्या सकाळी एडमंड हिलरी यांना आपले बूट थंडीने गोठून दगडासारखे झालेले आढळले. ते चुलीच्या आचेवर मऊ करण्यात सुमारे दोन तास गेले, आणि मगच ते व तेनसिंग नोर्गे शिखराकडे निघाले. पण आपल्याला एव्हरेस्ट चढावयाचे नाही. राजहंसगड, महिपाळगड, पारगड किंवा चोर्ल्याच्या आसपासच्या रानवाटा यांसाठी घोट्याखाली संपणारा हलका बूट पुरतो. असा एक जोडा साधारणपणे 600 ते 800 ग्रॅम भरतो. घोटा झाकणारा जोडा एक किलोच्या आगेमागे, आणि पोलादी टोपीचा कारखान्यातील जोडा त्याहूनही जड असतो. कारखान्यात तापलेले लोखंड किंवा जड वस्तू पायावर पडण्याचा धोका असतो. तेथे तोच बूट योग्य. डोंगरावर तो धोका नाही, ओझे मात्र आहे. वस्तू चांगली की वाईट, हे ती कोणत्या कामास लावली यावर ठरते.

घोट्याच्या वर येणारा बूट पाय मुरगळू देत नाही, असे पुष्कळ जण समजतात. उंच बूट खडे, काटे आणि खरचटणे यांपासून रक्षण करतो. पण घोट्याचा खरा रक्षक म्हणजे पायाच्या स्नायूंचे बळ आणि पाऊल टाकतानाचे अवधान. ज्यांचा घोटा पूर्वी दुखावलेला आहे त्यांनी मात्र वैद्याच्या सल्ल्याने उंच बूट अवश्य घ्यावा.

तळाची गोष्ट

बुटाच्या तळाचे तीन थर असतात. जमिनीला टेकणारा रबरी बाह्य तळ, धक्का शोषून घेणारा मऊ मधला तळ, आणि आत पावलाखाली येणारी सुटी गादी. बाह्य तळावर ज्या ठळक खाचा व दाते दिसतात, त्यांच्यामागे एक दुःखद इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आल्प्स पर्वतात चढणारे लोक पायथ्यापासून वर जाताना तळाला खिळे मारलेले जड बूट घालीत, आणि उभा कडा आला की ते काढून पातळ, मऊ तळाचे जोडे चढवीत. कड्यावर ते जोडे उत्तम. पण बर्फात निरुपयोगी. 1935 साली इटलीतील पुंता रासिका या शिखरावर एक तुकडी हिमवादळात सापडली आणि तीतील सहा जण मरण पावले. त्यांच्याबरोबर असलेले विटाले ब्रामानी हे मिलान शहराचे गिर्यारोहक त्यातून वाचले. आपल्या मित्रांच्या मृत्यूस अयोग्य पादत्राणे काही अंशी कारण झाली, हे शल्य त्यांच्या मनात राहिले. खडक, चिखल आणि बर्फ या तिन्हींवर चालेल असा एकच तळ हवा, या ध्यासाने त्यांनी रबराचा खोल दात्यांचा तळ तयार केला आणि 1937 साली तो प्रचारात आणला. त्यांच्या नावातील अक्षरे जोडून झालेले 'व्हिब्राम' हे नाव आजही अनेक बुटांच्या तळांवर दिसते. 1954 साली ज्या इटालियन तुकडीने के-टू हे शिखर प्रथम सर केले, तिच्या बुटांनाही हेच तळ होते. आज जगभर डोंगरवाटेच्या बुटांना जे दातेरी तळ असतात, त्यांची परंपरा अशा रीतीने त्या सहा मृत्यूंपाशी जाऊन पोहोचते.

आपल्या वाटांसाठी तीन-चार मिलिमीटर खोलीचे दाते पुरेत. दात्यांमध्ये मोकळी जागा असावी, म्हणजे तांबडी माती अडकून न राहता गळून पडते. टाचेच्या दात्यांची कड स्पष्ट असावी. उतरणीवर तीच आपल्याला थोपवून धरते. रबर नखाने दाबले असता किंचित दबावे. फार टणक रबर ओल्या दगडावरून घसरते. फार मऊ रबर सडकेवर लवकर झिजते. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : पावसाळ्यात जांभ्या दगडावर शेवाळ धरले, म्हणजे कोणत्याही किमतीच्या तळावर भरवसा ठेवू नये. तेथे लहान पाऊल, वाकलेला गुडघा आणि हातातील काठी हेच खरे सोबती.

पाणी आत येणारच

दुकानदार हल्ली 'पाणी न शिरणारा' बूट आग्रहाने दाखवितात. अशा बुटाच्या आत अतिसूक्ष्म छिद्रांचा एक पडदा असतो. त्यातून घामाची वाफ बाहेर जाते, पण पाण्याचा थेंब आत येत नाही. या प्रकारच्या पडद्याचा शोध अमेरिकेत 1969 साली लागला आणि थंड प्रदेशांत तो फार उपयोगी ठरला. परंतु आमच्याकडील आषाढ-श्रावणाचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला ठाऊक आहे की पाणी बुटाच्या कातड्यातून शिरत नसते. ते पोटरीवरून ओघळून थेट वरून आत येते! ओढा ओलांडताना तर बूट काठोकाठ भरतो. मग तोच पडदा आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि आपण दोन लहान हौद पायांत घेऊन चालतो. म्हणून आमच्या मते कोकण, गोवा व बेळगावच्या पावसाळी वाटांसाठी जाळीदार कापडाचा बूट अधिक सोयीचा. तो भिजतो लवकर, पण निथळतो व वाळतोही लवकर. त्याची जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली असावी, म्हणजे खडे आणि जळवा यांना आत शिरण्यास वाव कमी राहतो. बोटांपुढे रबराची जाड पट्टी असावी; ठेच लागली तर तीच कामी येते.

दुकानातील परीक्षा

आता खरेदीला जाऊ. सहलीत जे मोजे घालणार तेच मोजे बरोबर न्यावेत. सुती मोजा घाम धरून ठेवतो. ओली कातडी लवकर सोलवटते. म्हणून लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा मोजा बरा. नखे आधी सरळ कापावीत. मग पुढील परीक्षा क्रमाने कराव्यात.

पहिली : बुटातील सुटी गादी काढून जमिनीवर ठेवावी आणि तिच्यावर उभे राहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे, आणि पाऊल दोन्ही बाजूंनी गादीबाहेर सांडता कामा नये. सर्वांत लांब बोट अंगठाच असतो असे नाही; पुष्कळांचे अंगठ्याशेजारचे बोट अधिक लांब असते.

दुसरी : नाडी न बांधता पाऊल पुढे सरकवावे. टाचेमागे एक बोट सहज जावे. दोन बोटे जात असतील, तर बूट मोठा आहे.

तिसरी : बूट हातात धरून वाकवावा. तो चवड्यापाशी, जेथे पाऊल वाकते तेथेच, वाकला पाहिजे. मधोमध दुमडणारा बूट घेऊ नये. पिळून पाहावा, ओल्या फडक्यासारखा पिळला जाणारा बूट खडकाळ वाटेवर पायाला आधार देत नाही.

चौथी : दोन्ही बुटांच्या नाड्या बांधून दुकानाच्या पायऱ्या चढाव्यात व उतराव्यात. चढताना टाच आत वरखाली होऊ नये. उतरताना बोटे पुढे आदळू नयेत. ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची, कारण बूट चढणीवर क्षमा करतो, उतरणीवर करत नाही. चवडा हलविता यावा, टाच हलू नये, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तरी पुरे.

पाचवी : दहा मिनिटे बूट घालून फिरावे. जेथे किंचित टोचते तेथे डोंगरावर फार टोचणार, हे निश्चित समजावे. 'वापरून सैल होईल' या आश्वासनावर विसंबू नये. चामडे थोडे सैलावते. कृत्रिम कापड फारसे सैलावत नाही. घरबसल्या बूट मागविणाऱ्यांनी ह्याच परीक्षा घरच्या जिन्यावर कराव्यात आणि बूट न बसल्यास निःसंकोच परत करावा.

ह्या पाचही परीक्षांत रंगाचा, जाहिरातीचा किंवा नामांकित मुद्रेचा प्रश्न आलेला नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. किमतीचाही प्रश्न शेवटी येतो. पायाला बसणारा साधा कॅनव्हासचा बूट हा न बसणाऱ्या महागड्या बुटाहून शतपटीने चांगला. आमच्या त्या सहलीत कॅनव्हासचे साधे बूट घातलेली एक विद्यार्थिनी कसलाही त्रास न होता सर्वांच्या आधी खाली पोहोचली होती.

घर, शाळा आणि डोंगर

मध्यम स्थितीच्या कुटुंबाला डोंगरासाठी एक आणि रोजच्यासाठी एक, असे दोन जोडे परवडतातच असे नाही. त्याची गरजही नाही. हलका, घोट्याखालचा, मध्यम दात्यांचा, गडद रंगाचा बूट बाजाराला, मोटारीच्या प्रवासाला आणि डोंगराला सारखाच शोभतो. उलट तो रोज वापरल्याने पायाच्या सवयीचा होतो, हा लाभच. नवा बूट प्रथम घरात, मग शाळेच्या वाटेवर आणि आठवडा-पंधरवड्याने डोंगरावर न्यावा. नवा कोरा बूट सहलीच्या दिवशी प्रथम घालणे म्हणजे अनोळखी पाण्यात उडी घेणे होय. वाढत्या वयाच्या मुलांचे माप मात्र दर तीन-चार महिन्यांनी पाहावे. पाऊल गतवर्षीचे राहिलेले नसते.

वाटेत घ्यावयाची काळजी थोडीच आहे. चढताना नाडी किंचित सैल ठेवावी. उतरण्यापूर्वी थांबून ती घोट्यापाशी आवळावी, म्हणजे पाऊल पुढे घसरत नाही. कातडीचे थर एकमेकांवर घासून सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी साचते, तोच फोड. तो येण्यापूर्वी त्या जागी चरचर होते. तो पायाने दिलेला इशारा होय. त्याच क्षणी थांबून तेथे चिकटपट्टी लावावी. फोड आलाच, तर वरची कातडी सोलू नये. ती खालच्या जखमेचे झाकण असते.

निगेविषयी आमचा स्वतःचा अनुभव वर सांगितलाच आहे. आमच्या बुटाचा तळ का सुटला? अनेक बुटांचा मधला तळ पॉलियुरेथेन नावाच्या पदार्थाचा असतो. हवेतील ओलाव्याने तो पदार्थ हळूहळू विघटित होतो आणि काही वर्षांनी बुरशी लागलेल्या भाकरीसारखा चुरा होतो. विशेष हे, की बूट न वापरता बंद कपाटात ठेवल्याने तो वाचत नाही. दमट हवेत तर उलट लवकर जातो. आमच्या काटकसरीने आमचाच घात केला! तेव्हा बूट वापरावेत. वापरून झाल्यावर चिखल धुवावा, आतली गादी काढावी, जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावेत. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नयेत; उष्णतेने डिंक सुटतो. दीर्घकाळ पडून राहिलेला बूट सहलीपूर्वी दोन्ही हातांनी वाकवून, तळ दाबून तपासावा.

शेवटी आमच्या त्या विद्यार्थ्याविषयी. त्याचे बूट त्या दिवशी वेळेत घरी पोहोचले. आमच्यापैकी एका शिक्षकांनी मोटारसायकलवरून ते त्याच्या वडिलांच्या हाती दिले. दुसऱ्या दिवशी तो शाळेत चपला घालून आला. आम्ही त्याची वर्गासमोर क्षमा मागितली, कारण अपुरी सूचना आमची होती आणि त्याने ती प्रामाणिकपणे पाळली होती. त्यानंतर शाळेत एक रिवाज पडला. सहलीपूर्वी महिनाभर आधी प्रत्येक विद्यार्थी कागदावर उभा राहतो, दुसरा पेन्सिल उभी धरून त्याच्या दोन्ही पावलांची रेषा काढतो, आणि तो कागद घरच्या बुटाच्या गादीवर ठेवून पाहतो. कागद मोठा निघाला, तर बूट लहान, हे कोणी सांगावे लागत नाही. ज्यांच्याकडे मापाचा बूट नसेल, त्यांना वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांचे लहान झालेले, पण चांगल्या स्थितीतले बूट माप जुळवून दिले जातात. देणाऱ्याला व घेणाऱ्याला त्यात संकोच वाटत नाही, कारण दोघांनीही हातात कागदाचे पाऊल धरलेले असते. हा प्रयोग आमच्या वाचकांनी घरीही करून पाहावा. बहुतेकांना आपल्या दोन पावलांत फरक आढळेल.

फलकावरची सूचनाही आम्ही बदलली. आता ती अशी असते :

'प्रत्येकाने आपल्या पायाला बसणारे, निदान आठवडाभर वापरलेले, हलके बूट घालून यावे. नसल्यास आधी सांगावे. वाटेत बूट चावू लागल्यास त्याच क्षणी सांगावे. सर्व जण थांबतील.'